चरित्र, इतिहास आणि औंध

'थोरामोठ्यांची चरित्रं वाचावीत, त्यातून इतिहास कळतो.' शाळेत हे वाक्य मी किती निबंधांत लिहिलं असेल कोण जाणे. 'वाचनाचे महत्त्व' असो नाहीतर 'माझा आवडता छंद', कुठेही चपखल बसायचं. पुढे कॉलेजात गेल्यावर नेमकं उलटं ऐकायला मिळालं. इतिहास माणसं घडवत नाहीत. तो शेतसारा, बाजारभाव, दुष्काळ, रेल्वे आणि जातिव्यवस्था घडवते, राजेमहाराजे म्हणजे नुसता लाटेवरचा फेस! तेव्हापासून मी या दोन वाक्यांच्या मधोमध लटकलेली आहे. चरित्र हातात घेतलं की खाली ठेववत नाही, आणि संपलं की वाटतं, ही तर एका माणसाची गोष्ट झाली. इतिहास कुठे आहे यात?

हा प्रश्न शिवाजी महाराज किंवा नेपोलियन घेऊन सोडवायला गेलं तर आपला पाड लागत नाही. माणूस फार मोठा, काळ फार मोठा, आणि त्यांच्याबद्दल बोलताना आवाज चढतात ते वेगळंच. म्हणून मी एक छोटी जागा निवडली आहे, जिथे माणूस आणि काळ दोन्ही एका नजरेत मावतात. औंध. पुण्यातलं, आयटीवाल्यांचं औंध नव्हे. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं औंध. आमच्या घराण्याची दोन पिढ्यांची पानं तिथल्या संस्थानात वाढली, त्यामुळे नातेवाईक मंडळी हे वाचताना 'अगं, हे तर आपलंच!' म्हणतील. बाकीच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी.

औंध संस्थान म्हणजे ७२ गावं, सुमारे पाचशे चौरस मैल. तेही सलग नाही. औंध साताऱ्याकडे, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, आणि गुणदाळचा भाग पार विजापूरकडे. मधेमधे ब्रिटिश मुलूख. कुणी कापडाचे तुकडे फेकावेत आणि जिथे पडतील तिथे राज्य म्हणावं, असा नकाशा. घराणं किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांचं. राजाराम महाराज आणि ताराबाईंच्या काळात ते प्रतिनिधी झाले. प्रतिनिधी हे पद अष्टप्रधानांच्याही वरचं मानलं जाई. पुढे पेशवे मोठे झाले आणि प्रतिनिधी आक्रसत गेले. १८४८ मध्ये साताऱ्याची गादी खालसा झाल्यावर औंधचा संबंध थेट इंग्रजांशी आला. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. इतिहासाच्या जाड पुस्तकात औंधला बहुतेक एवढ्याच ओळी मिळतात.

आता चरित्रं बघू.

पहिलं अर्थातच राजेसाहेबांचं. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, सगळ्यांचे बाळासाहेब. जन्म १८६८चा. हे गादीवर बसायचेच नव्हते! वडिलांच्या मागे थोरले बंधू, त्यांच्या मागे पुतण्या असा वारसा गेला होता. १९०९ मध्ये इंग्रजांनी पुतण्याला दूर केलं आणि एकेचाळिशीतल्या या चुलत्याला गादी मिळाली. तोपर्यंत त्यांनी जे आयुष्य जगलं होतं ते राजाचं नव्हतं, बी. ए. झालेल्या, चित्रं काढणाऱ्या, कीर्तन करणाऱ्या गृहस्थाचं होतं. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. लहानपणापासून 'तू राजा होणार' हे ऐकत वाढलेला माणूस आणि चाळिशीनंतर अचानक राजा झालेला माणूस, यांच्यात फरक असणारच.

हा राजा स्वतः सूर्यनमस्कार घालायचा आणि संस्थानातल्या प्रत्येक शाळेत पोरांकडून घालून घ्यायचा. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं आणि ते इंग्रजीतून विलायतेतही पोचलं. रामायणाची चित्रं स्वतः काढून त्यांनी 'चित्र रामायण' छापलं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी एक लाख रुपये कबूल केले, १९१८ च्या सुमारास. छोट्या दुष्काळी संस्थानाच्या मानाने केवढी ही रक्कम! ती आवृत्ती पूर्ण झाली १९६६ मध्ये, राजेसाहेब जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. डोंगरावर त्यांनी संग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' आणि हेन्री मूर यांचं आई-मुलाचं शिल्प बघायला माणसाने खटाव तालुक्यात यावं, हे चरित्राशिवाय कसं समजणार? कुठलाही शेतसारा, कुठलाही बाजारभाव हेन्री मूर औंधला का आला ते सांगू शकणार नाही. ते एका माणसाच्या आवडीत आहे.

म्हणजे 'इथेच का?' या प्रश्नाचं उत्तर चरित्र देतं. शेजारी इतकी संस्थानं होती, सगळ्यांवर तोच इंग्रज, तेच कोरडं आभाळ. मग औंधलाच हे का? कारण तिथे हा माणूस होता.

पण आता औंधची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट घ्या. नोव्हेंबर १९३८. सत्तरीला आलेल्या राजेसाहेबांनी जाहीर केलं की आपण राज्याचा कारभार प्रजेच्या हाती देणार. विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेले त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, आणि म्हैसूर संस्थानातली विजेच्या कारखान्याची मोठी नोकरी सोडून आलेले पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन, यांनी सेवाग्रामला जाऊन गांधीजींशी चर्चा केली. जानेवारी १९३९ मध्ये राज्यघटना आली. गावाने पंचायत निवडायची, गावच्या पंचायतींमधून तालुका समिती, तालुका समित्यांमधून संस्थानची विधानसभा. सत्ता खालून वर. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती!

अप्पासाहेबांनी यावर पुढे पुस्तक लिहिलं, नावातच 'आगळा राजा' असा अर्थ आहे. ते वाचताना आपण भारावून जातो. एक उदार बाप, एक आदर्शवादी मुलगा, एक संन्यस्त इंजिनिअर आणि महात्मा. चार माणसांनी राज्य वाटून टाकलं. सुंदर गोष्ट. पण चरित्र मिटून थोडं बाजूला उभं राहा आणि विचारा, १९३८ लाच का? राजेसाहेब १९०९ पासून गादीवर होते, उदारही तेव्हापासूनच होते. मग एकोणतीस वर्षांनी का?

इथे ते कॉलेजातलं वाक्य कामाला येतं. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. संस्थानी हद्दीतला शेतकरी बांधापलीकडे बघत होता, पलीकडचा माणूस मत देत होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने संस्थानी प्रजेच्या हक्कांचा ठराव केला. त्याच वर्षी राजकोट, म्हैसूर, त्रावणकोर, हैदराबाद, जिकडेतिकडे प्रजेच्या चळवळी पेटल्या. राजेलोकांपुढे दोन वाटा होत्या, लाठी चालवायची किंवा हक्क द्यायचे. ही वेळ राजेसाहेबांनी आणली नाही. वेळ आली तेव्हा बहुतेकांनी लाठी उचलली आणि यांनी दौत-लेखणी, एवढंच त्यांचं. पण 'एवढंच' म्हणजे काही कमी नव्हे!

'केव्हा' ते काळाने ठरवलं, 'कसं' ते माणसाने. मला वाटतं चरित्राची खरी जागा ही आहे. चरित्र वाचताना आपण 'केव्हा'चं श्रेयसुद्धा नायकाला देऊन टाकतो, तिथे गडबड होते.

दुसरं चरित्र लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. हे चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. मध्ये गेले. रंग ओळखण्यात डोळ्यांत दोष निघाला, म्हणून रंगांचा नाद सोडावा लागला आणि यंत्रांकडे वळले. बेळगावात सायकली विकता विकता लोखंडी नांगर करू लागले. नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. आता हा संसार घेऊन जायचं कुठे? तेव्हा मित्र असलेल्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि बिनव्याजी दहा हजार रुपये. १९१० साली निवडुंग आणि सापांच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. चित्रं काढणारा राजा आणि रंग न दिसणारा कारखानदार! कादंबरीत लिहिलं तर संपादक म्हणेल, बाई, जरा ओढून-ताणून वाटतंय.

गंमत अशी की किर्लोस्करांच्या गोष्टीत राजेसाहेब म्हणजे अडचणीला धावून आलेला मित्र. तिथे त्यांची चित्रं, कीर्तनं, नमस्कार सगळं मागे पडतं. आणि आणखी एक गोष्ट चरित्रात सहज वाचून आपण पुढे जातो, ती म्हणजे 'स्टेशनजवळ'. पुणे-मिरज रेल्वे त्या आधीच झाली होती. जमीन औंध शहराजवळ दिली असती, रुळांपासून दूर, तर ही मैत्री कितीही घट्ट असून कच्चं लोखंड आलं कसं असतं आणि नांगर गेले कसे असते? राजाचं मन आणि रेल्वेचा रूळ, दोन्ही लागलं.

असेच पंडित सातवळेकर. तेही मुळात चित्रकार. वेदांवरच्या लेखापायी इंग्रजांच्या काळात तुरुंग बघून आलेले. १९१८ च्या सुमारास औंधला आले आणि तीस वर्षं तिथे स्वाध्याय मंडळाचा छापखाना चालवला. त्यांच्या आयुष्यात औंध म्हणजे शांतपणे वेद छापता येतील अशी जागा. आणि दापोलीहून घरच्या गरिबीपायी औंधला शिकायला आलेला साने नावाचा एक मुलगा. त्याच्या आयुष्यात औंध म्हणजे उपासमार, हाताने रांधलेलं अन्न, आणि शेवटी प्लेग. हा मुलगा पुढे सानेगुरुजी झाला. संस्थान तेच, राजा तोच, काळही जवळजवळ तोच. एकाचं औंध दुसऱ्याच्या औंधात कुठे सापडत नाही.

आता या सगळ्यांच्या शेजारी एक पुस्तक ठेवायचं आहे. शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ', १९८१ साली आलं. खरात आटपाडीचे, म्हणजे औंध संस्थानातले. जन्म १९२१. पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे वडील तराळ होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तराळकी म्हणजे महारांकडे पाळीने येणारं गावकाम. सरकारी निरोप पोचवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या अंमलदाराची सरबराई करायची, मेलेल्या जनावरापासून बेवारस प्रेतापर्यंत जे कुणी करणार नाही ते करायचं. त्या पुस्तकात विहिरीतल्या प्रेताचा एक प्रसंग आहे. प्रेत बाहेर काढायला पोलिस तराळालाच विहिरीत उतरायला फर्मावतो, आणि शाळकरी मुलगा काठावरून आपल्या बापाकडे बघत असतो. ज्यांनी वाचलंय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी वाचा.

मी हे पुस्तक राजेसाहेबांच्या गोष्टीनंतर वाचलं आणि बराच वेळ सुन्न बसून होते. राजेसाहेबांचा चांगुलपणा खोटा होता असं नाही. खरात औंधच्याच शाळेत शिकले, हेही खरंच आहे. प्रश्न असा आहे की सज्जन राजाची सज्जनता त्या विहिरीच्या तळापर्यंत पोचायला मधे किती पायऱ्या होत्या? पाटील, कुलकर्णी, फौजदार, शिपाई. आणि त्या प्रत्येक पायरीवर बसलेला माणूस हजार वर्षं चालत आलेलं काहीतरी सांभाळत होता. राजाचं चरित्र वरून दिसणाऱ्या दोन-तीन पायऱ्या दाखवतं. तळाची पायरी तिथे उभ्या असलेल्या माणसानेच लिहावी लागते. खरातांनी ती लिहिली म्हणून औंधचा इतिहास पुरा झाला म्हणत नाही मी, पण खोल झाला.

आणि ज्यांनी लिहिलंच नाही त्यांचं काय?

ताई तेलीण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला परशुराम श्रीनिवास प्रतिनिधी पेशव्यांच्या कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या बाजूने शस्त्र घेऊन उभी राहिलेली बाई. वासोटा किल्ला तिने पेशव्यांचा सेनापती बापू गोखले याच्याविरुद्ध काही महिने लढवला. इतिहासात तिला नाव काय मिळालं? ताई, आणि पुढे जात. आईबाप कोण, लिहिता-वाचता येत होतं का, किल्ला पडल्यावर त्या बाईच्या मनात काय आलं असेल, काही नाही. लोकांच्या तोंडी एक कवन राहिलं तेवढं. पुरुषाने हेच केलं असतं तर एव्हाना त्याच्या नावाने एखादी बखर निघाली असती.

स्वतंत्रपूर घ्या. १९३९ मध्ये आटपाडीजवळ माळावर फ्रीडमन आणि अप्पासाहेबांनी कैद्यांची उघडी वसाहत सुरू केली. भिंती नाहीत, गज नाहीत, कैदी शेती करणार आणि बायकामुलांसह राहणार. यावरूनच पुढे शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' निघाला, १९५७ मध्ये, आणि कथा लिहिली त्याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी. पण बघा, 'दो आँखें' म्हणजे जेलर. त्याला चेहरा आहे, चरित्र आहे. 'बारह हाथ' म्हणजे नुसते हात. पळून जायला सगळा माळ मोकळा असताना रात्री खोपटात झोपताना त्या माणसांना काय वाटत असेल, हे कुणी लिहून ठेवलं असतं तर मी गजाआडच्या सुधारणांची दहा जाडजूड पुस्तकं त्यापुढे बाजूला ठेवली असती.

तिसरं, कुंडल. हे औंध संस्थानातलंच गाव, आणि १९४२ नंतरच्या प्रतिसरकारचं मोठं ठाणं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, तुफान सेना. इंग्रजी मुलखातून निसटलेला कार्यकर्ता संस्थानी हद्दीत आला की त्याला जरा श्वास घेता येई, आणि संस्थानचा कारभार त्याच्याकडे काणाडोळा करी. तो फेकलेल्या तुकड्यांचा वेडावाकडा नकाशा इथे उपयोगी पडला! नेत्यांच्या आठवणी आहेत, पुस्तकं आहेत. पण रात्री-अपरात्री भाकरी बडवणाऱ्या, निरोप परकरात लपवून नेणाऱ्या बायकांची नावं शोधायला गेलं तर हाताला फार थोडं लागतं.

हे सगळं मी इतकं तावातावाने का लिहितेय, ते आता नातेवाइकांना कळलं असेलच. बाकीच्यांना सांगते. आमच्याकडे सध्या आजोबांची छोटी चरित्र-पुस्तिका काढायचं घाटतंय. आजोबा औंध संस्थानात प्राथमिक शिक्षक होते, आटपाडीकडच्या एका खेड्यात. माझ्या चुलत भावाने मजकुराची पंधरा पानं लिहून सगळ्यांना पाठवली आहेत. चांगली लिहिली आहेत. पहाटे उठून नमस्कार, पोरांचे नमस्कार, तपासणीला आलेले साहेब, आजोबांचं मोत्यासारखं अक्षर, सगळं आहे. वाद दोन गोष्टींवर आहे.

एक, १९४८. गांधीजींच्या खुनानंतर सातारा-सांगलीकडे ब्राह्मणांची घरं जळली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही तेव्हा आग लागली, आणि सातवळेकर औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले तेही याच काळात. आमचंही घर गेलं. धाकटे काका म्हणतात, कशाला ते आता? आत्या म्हणते, तेच तर लिहायचं. त्या रात्री आजीला आणि तीन पोरांना शेजारच्या वाडीतल्या एका मराठा कुटुंबाने कडब्याच्या गंजीत लपवलं होतं, पहाटे दूधभाकरी देऊन बैलगाडीतून पोचवलं होतं. आत्या त्या तीन पोरांतली एक. लावणारे हात आणि लपवणारे हात एकाच शिवारातले, हे ती सांगते तेव्हा तिचा आवाज अजून बदलतो. माझ्या मते आत्याचं बरोबर आहे. ते पान हवं.

पण मग दुसरी गोष्टही हवी. आजोबांच्या १९३१ च्या रोजनिशीत शाळेच्या नोंदीमध्ये एक ओळ आहे की अमुक इतकी मुलं पडवीत बसतात. कोणती मुलं, ते सांगायला नको. बाजूला मत नाही, खंत नाही, समर्थनही नाही. हजेरीइतकी साधी नोंद, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. भावाच्या पंधरा पानांत ही ओळ नाही. 'त्या काळी सगळीकडेच तसं होतं,' असं तो म्हणतो. अरे, तेच तर! सगळीकडे होतं म्हणूनच तर तो इतिहास आहे. आजोबांच्या एकट्याचा दोष असता तर वगळून टाकता आला असता.

पडवीचा आणि आगीचा थेट संबंध नाही, हे मला कळतं. पडवीत बसणारी मुलं वेगळी, पेटवायला आलेला जमाव वेगळा. पण आपल्यावर आलेली आग तेवढी लिहायची आणि आपण बसवलेली पडवी गाळायची, तर ते चरित्र होत नाही, तक्रार-अर्ज होतो. दोन्ही लिहिलं तर आजोबा लहान होतील अशी भीती घरात आहे. मला तसं वाटत नाही. ते प्रेमळ होते, कडक होते, पोरांसाठी मैलोन्मैल चालत जायचे, आणि पडवीची नोंद हात न थरथरता करायचे. हे सगळं एका माणसात होतं. तो माणूस समजला की तो काळ समजायला लागतो. 'वाईट काळातली वाईट माणसं' कुठल्याही गोष्टीत असतात. चांगल्या माणसांच्या हातून तो काळ कसा चालला, हे फक्त चरित्रातच दिसू शकतं. म्हणूनच तर चरित्र लिहायचं ना?

जाता जाता आणखी एक. आजोबांसारख्या मास्तरांचं सगळ्यात खरं चित्र मला चरित्रात नाही, एका कादंबरीत सापडलं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ ची. संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर गेलेला पोरसवदा मास्तर, वाडीने मिळून बांधलेली तालीम, तिच्या उद्घाटनाला आलेले राजेसाहेब. सगळं कसं उजळून निघतं! आणि मग पाऊस पडत नाही. मेंढरं मरतात, माणसं उठून जातात, वाडी ओस पडते. तालीम तिथेच राहते. माणसाने काय करता येतं आणि काय येत नाही, हे माडगूळकरांनी एकही शेरा न मारता दाखवलंय. दुष्काळाला चरित्र नसतं, पण माणदेशातल्या प्रत्येक चरित्रात तो असतो. आमची आजी म्हणायची, "राजेसाहेब देवमाणूस हो, पण पाऊस काही त्यांना पाडता आला नाही." दोन्ही बाजूंचे इतिहासकार या वाक्यावर सही करतील असं मला वाटतं.

तर नातेवाईक मंडळी, भावाच्या पंधरा पानांवर माझं मत हे असं आहे. आग आणि पडवी, दोन्ही राहू द्या. कडब्याच्या गंजीची गोष्ट आत्याच्याच शब्दांत उतरवून घ्या, लवकर, ती आता नव्वदीच्या घरात आहे. आणि आजीबद्दल पंधरा पानांत दीड ओळ आहे, तिचं निदान एक पान करा. घर जळाल्यावर ते पुन्हा उभं तिनेच केलं होतं.

बाकीच्यांपैकी कुणाच्या घरी औंध, आटपाडी, कुंडल, किर्लोस्करवाडीकडच्या आठवणी असतील, गलाईच्या धंद्यासाठी गाव सोडून मुलूखभर पांगलेल्या कुणा आजोबा-पणजोबांच्या असतील, कुणाच्या आजीने भाकरी बडवून भूमिगतांना पोचवली असेल, तर लिहा. मोठं नाव नसलं तरी चालेल. नसलं तर जास्तच बरं.